निळ्या अक्षरांची नोकरी

नोकरीची शेवटची वर्षं मी लोकांना दुसऱ्याच्या दारात पाठवायचा पगार घेतला. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती म्हणेल, "ह्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या आणि उरलेल्या निम्म्याला पुरावा मागा." सल्ला सोन्यासारखा आहे. माझा सगळा धंदा त्यावरच चालला.

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस दादरला, फुलबाजाराच्या अंगाला, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर. जिना इतका उभा की खाली ताजी असलेली बातमी वर येईपर्यंत शिळी व्हायची. त्याआधी मी एका छापील वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो. ते मिटलं, तसा मी चष्म्यासकट इकडे आलो. आमचे संपादक सामंतसाहेब माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. मनानं लोणी. वाचकांचा आकडा समोर आला की वितळायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "परबकाका, तुम्हाला काय काय येतं?"

मी म्हटलं, "संशय घेता येतो."

झालं, मला लिंकांच्या टेबलावर बसवलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंटरनेटवर वाचताना मध्येच काही अक्षरं निळी दिसतात. त्यांच्यावर बोट टेकवलं की ती गोष्ट मुळात जिथं लिहिली गेली तिथं माणूस जाऊन पोचतो. त्याला म्हणायचं लिंक. माझं काम एवढंच, की आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मजकुराचं माहेर शोधायचं आणि तिथवरची वाट बांधून द्यायची. ऐकायला सोपं आहे. करून बघा! मराठीत सगळ्यात जास्त लिहिणारा लेखक कोण? 'अज्ञात'. आईवर अज्ञात, मधुमेहावर अज्ञात, देशाच्या संरक्षणावर अज्ञात, मोदकाला पाकळ्या कशा पाडाव्यात त्यावरही अज्ञात. हा गृहस्थ झोपतो कधी, कळत नाही. त्याच्या खालोखाल 'साभार: इंटरनेट'. म्हणजे पाहुण्यानं विचारावं, आमटी कुणी केली? आणि आपण पातेल्याकडे बोट दाखवावं.

त्यात वाचक एकेक नग. गिरगावातले एक निवृत्त मास्तर दर गुरुवारी फोन करायचे. "परब, ते निळं दाबलं तर बिल येतं का हो?" मी दर गुरुवारी सांगायचो, नाही येत. ते दर गुरुवारी म्हणायचे, "फुकट आहे ना, मग नक्की काहीतरी गडबड आहे." आणि फोन ठेवायचे. त्यांनी आयुष्यात एकही लिंक दाबली नाही, पण फोनचा एकही गुरुवार चुकवला नाही.

एकदा मजकूर आला, की कोकमाचं पाणी लावलं तर टकलावर केस उगवतात, 'असं संशोधकांचं म्हणणं आहे.' माझं टक्कल असं की लालबागेत वीज गेली तर लोक माझ्या उजेडात घरी जातील. मला त्या संशोधकांबद्दल साहजिकच जिव्हाळा वाटला. शोधायला निघालो. मजकुराखाली एका वेबसाइटचं नाव होतं. तिच्याकडे गेलो तर तिनं दुसरीचं नाव सांगितलं, दुसरीनं तिसरीचं, तिसरीनं परदेशातल्या एकीचं. चहा सोडला, डबा सोडला, सातासमुद्रापलीकडे जाऊन आलो. आणि शेवटच्या पानानं सांगितलं, ही माहिती दादरच्या अमुक मराठी वेबसाइटवरून घेतली आहे. म्हणजे आमच्याच! आमच्यातल्याच कुणीतरी ती कधीकाळी ठोकून दिली होती, आणि ती जगप्रदक्षिणा करून परत दारात उभी होती. साहेबांना सांगितलं तर ते आनंदानं खुर्चीतून उठले. "काका, म्हणजे मूळ आपणच की!"

मी म्हटलं, "साहेब, मूळ असतं तर आधी माझ्या डोक्यावर काहीतरी उगवलं असतं."

साहेबांचं लिंकेशी भांडण नव्हतं, दुखणं होतं. लिंक दिली की वाचक बाहेर जातो, आणि बाहेर गेलेला वाचक, त्यांच्या मते, सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा लवकर परतत नाही. "काका, आपल्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी समोरच्या दुकानाचा पत्ता देतं का?"

"दादरमध्ये देतात," मी म्हणायचो. "खाली जाऊन ऐका. 'नारायणपेठ आमच्याकडे नाही ताई, समोर मिळेल.' ती बाई समोरून साडी घेते आणि फॉल-पिको करायला ह्याच्याकडेच येते. का? तर हा खरं बोलतो म्हणून."

साहेब हसायचे आणि माझ्या वयाकडे बघून लिंक राहू द्यायचे. मी निवृत्त झालो आणि ते टेबल उठलं. आता तिथं शोभेचं झाड ठेवलंय म्हणतात. लोक हल्ली यंत्रालाच विचारतात. यंत्र गोड बोलतं, माझ्यापेक्षा ठामपणे बोलतं, पण 'हे तुला कुणी सांगितलं रे?' असं कुणी दरडावून विचारल्याशिवाय नाव काढत नाही. विचारल्यावर जे नाव काढतं त्याचंही माहेर पुन्हा तपासावं लागतं. असो. माझी त्याच्याशी स्पर्धा नाही. त्याला टक्कल नाही.

सांगायचं आहे ते पुष्पाताई नाखव्यांचं.

पुष्पाताई वरळी कोळीवाड्यातल्या. घर मासेमारीचं, नोकरी बँकेत कारकुनीची, आणि आवाज दोन्हीकडे पुरून उरेल असा. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवर एक साधं पान सुरू केलं. गणपतीच्या दिवसांत त्या रोज त्यावर लिहायच्या. दादरच्या किनाऱ्यावर भरती केव्हा, ओहोटी केव्हा, वाळू कुठं खचलीय, पाकटं कुठल्या बाजूला आलीत. पाकट म्हणजे वाळूत अंग चोरून पडणारा चपटा मासा. शेपटीला काटा. त्याच्यावर पाय पडला की व्यायामशाळेतले पैलवानसुद्धा आईला हाक मारतात. पुष्पाताई हे सगळं प्रत्यक्ष समुद्राकडे बघून लिहायच्या, आणि वारा फिरला की लिहिलेलं बदलायच्या. त्या पानाची खरी किंमत त्या बदलण्यात होती. आमच्या गणपतीच्या मजकुरात मी दरवर्षी एक ओळ टाकायचो, 'पाण्याची वेळ पुष्पाताई सांगतात, इथे बघा.' त्यांचा एक शब्द उचलायचो नाही, फक्त निळी अक्षरं ठेवायचो.

पण ताईंची एक सवय होती. तारीख लिहायच्या नाहीत. सुरुवात ठरलेली: 'उद्या गौरी-गणपती.' त्यांच्या पानावर वाचणाऱ्याला अडचण नव्हती, कारण पान आपलं आपण वर तारीख टाकायचं. तोच मजकूर कुणी उचलून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की तारीख मागे राहायची आणि 'उद्या' तेवढा पुढे जायचा. फॉरवर्डमधला उद्या कधी मावळत नाही. त्यातून गौरी जातात नक्षत्र बघून, एका वर्षी एका तिथीला, पुढच्या वर्षी दुसऱ्या. तिथी सरकली की भरतीची वेळ सरकते. म्हणजे गेल्या वर्षीच्या गौरींचं पाणी ह्या वर्षीच्या गौरींना चालत नाही. कोळीवाड्यातल्या पोराला हे कळतं. सोसायटीच्या ग्रुपला कोण सांगणार?

त्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी जिना चढून वर आलो, तो साहेब अक्षरशः नाचत होते.

"काका, आज मीपण बातमी आणली! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, उचलली, टाकली. सगळी मुंबई वाचतेय. बघा, तुमच्या पुष्पाताईच आहेत!"

मी बघितलं. मथळा होता, 'उद्या विसर्जनाला कधी निघाल? पुष्पाताई नाखवा सांगतात.' खाली लिहिलेलं, दिवेलागणीला पाणी ओसरलेलं असेल, लहान मुलांना घेऊन निवांत या. त्याच्या खाली काही नाही. निळं एक अक्षर नाही. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला.

"परबभाऊ, मी मेले काय हो?"

"असं काय बोलता ताई?"

"मग माझ्या नावानं कोण बोलतंय? हे गेल्या वर्षीचं पाणी आहे, भाऊ. गेल्या वर्षीचं! उद्या दिवेलागणीला दर्या भरून उभा असणार, आणि तुमचे साहेब लोकांना सांगतायत, पोरं घेऊन या? गौरीची भरती पुनवेसारखी दांडगी नसते, म्हणूनच माणूस बिनधास्त आत शिरतो. एक पाऊल सपाटीवर, दुसरं खड्ड्यात. मग कुणाला हाक मारणार?"

मी काही बोलण्याआधी त्यांचा आवाज खाली आला. हा आवाज खालीही येऊ शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"माझ्या बापाला अख्खी गल्ली पाणी विचारायची. त्याच्या शब्दावर होड्या सुटायच्या. उद्या कुणाचं पोर गेलं आणि आईबापाच्या मोबाइलमध्ये माझं नाव निघालं, तर मी काय तोंड दाखवू? मी ते पानच बंद करते."

"ताई, आज बंद करू नका. तुम्ही बंद केलंत तर खोट्याला खोटं म्हणणारं एकही दार उघडं राहणार नाही."

"मग तुम्ही करा काहीतरी. उद्या गौर सुखरूप गेली तर पान ठेवीन. नाहीतर नाही."

साहेब शेजारी उभे राहून ऐकत होते. मघाचा नाच पार उतरला होता. "काका, वेळ बदलून टाकतो. आत्ताच्या आत्ता."

"बदला. आणि दुपारी वारा फिरून ताईंनी परत बदलली तर?"

"तर आपणही परत बदलू."

"आणि मधल्या वेळात ज्यांनी आपल्याकडून उचलली, त्यांचं काय? साहेब, नक्कल म्हणजे फोटो. फोटोतला माणूस जागचा हलत नाही. समुद्र हलतो. माणसं समुद्राकडेच पाठवायला हवीत."

साहेबांनी पडद्यावरच्या वाचकांच्या आकड्याकडे बघितलं. ताटातल्या शेवटच्या तळलेल्या बोंबलाकडे माणूस असा बघतो. मग त्यांनी स्वतःच्या हातानं सगळा मजकूर पुसला आणि तिथं लिहिलं, 'आम्ही दिलेली वेळ गेल्या वर्षीची होती. चूक आमची. ह्या वर्षीचं पाणी पुष्पाताईंच्याच पानावर बघा.' खाली निळी अक्षरं. त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल मी वाईट बोललो नाही. थोडं बोललो असेन, पण प्रेमानं.

आमचं पान सुधारलं. पण ग्रुपाग्रुपांत फिरणारा तो जुना 'उद्या' कोण धरणार? आम्ही नवा निरोप केला. त्यात वेळ मुद्दाम दिलीच नाही. फक्त, 'जुना निरोप चुकीचा आहे, खरी वेळ इथे,' आणि लिंक. मी तो माझ्या सगळ्या ग्रुपांवर सोडला. चाळीचा ग्रुप, मंडळाचा, गावच्या देवळाचा, आणि एक असा की तो कुणी आणि कशासाठी काढला हे आजवर कुणालाच माहीत नाही.

आणि मग जो गोंधळ उडाला!

"कुणीही ही लिंक दाबू नये! बँकेचं खातं रिकामं होतं!"

"परबकाकांचा फोन हॅक झालाय वाटतं."

परळला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या चुलतभावानं मला ग्रुपमधून काढलं, आणि वर बायकोला फोन करून विचारलं, "दादा बरा आहे ना?" गिरगावच्या मास्तरांचा फोन आला. "परब, आज गुरुवार नाही, पण सावध करायला फोन केला. तुमच्या नावानं कुणीतरी लिंक पाठवतंय!"

मी डोक्याला हात लावला. त्यांचंही चूक नव्हतं. अनोळखी लिंक दाबू नका, हे आपणच लोकांना घोकून घोकून शिकवलंय. अडचण अशी, की खोटं नुसतं वाचलं तरी चालतं, खऱ्यासाठी बोट उचलावं लागतं.

शेवटी मी पुष्पाताईंना म्हटलं, "ताई, लोक अक्षरांना घाबरतायत. तुमचा आवाज द्या." त्यांनी मोबाइलमध्ये बोलून पाठवलं. "मी पुष्पा नाखवा, वरळी कोळीवाडा. माझ्या नावानं गेल्या वर्षीचं पाणी फिरतंय, ते पुसून टाका. ह्या वर्षीचं माझ्या पानावर आहे. खाली दिलंय, दाबा. घाबरू नका, मी घरातच आहे." तो आवाज असा खणखणीत, की असा आवाज काढून कुणी चोरी करील ह्यावर चोराचाही विश्वास बसणार नाही. कोळीवाड्यानं तो मंडळांना दिला, मंडळांनी चाळींना दिला, आणि हळूहळू लोक बोट उचलू लागले. किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांनी ताईंचं पान उघडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा खरोखरच फिरला आणि ताईंनी वेळ आणखी पुढे ढकलली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या पैशानं चहा मागवला.

दिवेलागणीला मी दादरच्या किनाऱ्यावर ताईंच्या बरोबर उभा होतो. त्यांना घरी बसवेना. पाणी त्यांनी सांगितल्याप्रमाणे भरून आलेलं. स्वयंसेवकांनी दोर धरलेला, आणि गौरी-गणपती घेऊन आलेली बरीच माणसं पाट मांडीवर घेऊन वाळूत थांबली होती. तेवढ्यात पिवळ्या झब्ब्यातला एक गृहस्थ दोराला वळसा घालून सरळ पाण्याकडे निघाला. हातात गणपतीचा पाट. मागे बायको, तिच्या हातात तेरड्याची गौर. झब्ब्याचं टोक धरून पाच-सहा वर्षांची मुलगी. लाटेनं तिचा फ्रॉक भिजलासुद्धा होता.

"भाऊ, थांबा जरा!" पुष्पाताई पुढे झाल्या. "पाणी भरलंय आता. उतरल्यावर जा."

"वहिनी, तुम्ही नका सांगू," त्यानं पाट एका हातावर तोलून खिशातला मोबाइल काढला. "हे बघा, पुष्पाताई नाखवा काय म्हणतात. दिवेलागणीला पाणी ओसरतं. कोळीवाड्यातली बाई आहे ती, जन्म गेलाय तिचा समुद्रावर. तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त कळतं का?"

"अहो, मीच पुष्पा नाखवा."

"हो का? मग मी वरुणदेव."

"देवा, मागं या. लेकरू भिजतंय."

"कशावरून तुम्ही पुष्पाताई?"

माझा जन्म मूळ शोधण्यात गेला. इथं मूळ चार हातांच्या अंतरावर साडी खोचून उभं होतं, आणि हा गृहस्थ नक्कल दाखवून त्याला गप्प करत होता. लाट पुन्हा आली, मुलीच्या गुडघ्यापर्यंत चढली. मी पुढे झालो.

"भाऊ, ताईंचं पान उघडून बघा ना."

"मी लिंक दाबत नाही."

"माझ्या मोबाइलवर दाबा. बँक गेली तर माझी जाईल."

फुकटात धोका घ्यायला कुणाची ना नसते. त्यानं दाबलं. पान उघडलं. तोवर पुष्पाताईंनी चष्मा लावला, स्वतःचा मोबाइल काढला आणि एका बोटानं काहीतरी टिपलं. "आता परत उघडा," त्या म्हणाल्या.

त्यानं परत उघडलं. पानावर सगळ्यात वर नवी ओळ आली होती, 'दादर किनारा. पाणी भरलेलं. पिवळ्या झब्ब्यातल्या भावानं लेकीचा हात धरून मागं यावं. आत्ता.'

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या झब्ब्याकडे असं बघितलं, जणू तो त्याला आत्ताच कुणीतरी घातला होता. बायकोनं खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "अहो, मागं या. लिहिलंय त्यांनी."

तो मुलीचा हात धरून मागं आला.

मग वाट बघणं. त्याच्या बायकोनं वाटली डाळ वाटली. पुष्पाताईंनी त्या पोरीला शेजारी बसवून वाळूतली ओली रेघ दाखवली. ही रेघ लाटेला पुन्हा गाठता येईना झाली, की समज, पाणी परतायला लागलं. पोरगी रेघेवर डोळे लावून बसली. तिचा बाप माझा मोबाइल सोडेना. भोवती आणखी चार-पाच घरं जमली, आणि हा त्यांना पुष्पाताईंचं पान मोठ्यानं वाचून दाखवत होता, स्वतःच लिहिल्यासारखा. "अजून थांबा म्हणतायत. डावीकडे खड्डा आहे म्हणतायत." आणि ज्या म्हणत होत्या त्या त्याच्यापासून हातभर अंतरावर डाळ खात होत्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोरगी ओरडली, "आजी, रेघ सुकली!" पुष्पाताई उठल्या. पाण्याकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं, पायानं वाळू चाचपली.

"जा आता," त्या गृहस्थाला त्या म्हणाल्या. "दोराच्या उजवीकडून. लेकीला इथं माझ्याजवळ ठेवा."

तो जागचा हलला नाही. मोबाइलकडे बघत राहिला. "वहिनी, इथं अजून आलं नाही."

"अहो, मी सांगतेय ना तोंडानं!"

"तोंडानं नको. आधी तिथं लिहा. मग जातो."

पुष्पाताई हसल्या. आदल्या दिवशीच्या सकाळपासून पहिल्यांदा, आणि अशा की दोरावरचे स्वयंसेवक वळून बघायला लागले. पदराला बोट पुसून त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि टिपायला लागल्या. पाच घरं पाट हातात घेऊन माझ्या मोबाइलभोवती उभी राहिली.

"आलं!" पिवळा झब्बा ओरडला आणि गणपती उचलून पाण्यात उतरला.